साखरबाईला आणायला गेलेली काहील

चांगदेव आणि साखरबाई यांचं लग्न एकोणीसशे बासष्ट साली झालं. त्याच उन्हाळ्यात मी वडगाव रासाईला त्यांच्या दारात आले. मित्रांनो, मी गुऱ्हाळातली काहील आहे, उसाचा रस आटवायची पसरट लोखंडी कढई. आता जुनी झाले. दहा माणसं गोल करून बसतील एवढा माझा घेर. लोहाराने पत्र्यावर पत्रा चढवून, रिबिटा ठोकून मला जोडलं, तेव्हा त्या ठोक्यांनी मी आठवडाभर बहिरी होते.

चांगदेव गुळव्या होता. रस चुलवाणावर आटत आला की गूळ नेमका कधी उतरवायचा, हे ओळखणं गुळव्याचं खरं काम. क्षणभर लवकर उतरवला तर चिकट होतो, उशीर झाला तर करपतो. त्याचा गूळ सोन्यासारखा असायचा आणि लोक त्याचं नाव घ्यायचे. पण मला ठाऊक आहे, उतरवण्याआधी तो एकदा चुलवाणाकडे बघायचा. तिथे साखरबाई चिपाडं सारत बसलेली असायची. माझ्यातला रस कसा रटरटतो ते ती कान देऊन ऐकायची आणि हळूच मान हलवायची. मग चांगदेव ओरडायचा, "वढा काहील." हे आणखी एकीने पाहिलं होतं. मुक्ताबाईने. चांगदेवचा धाकटा भाऊ म्हाळू, त्याची ती बायको.

एकाहत्तर साली चांगदेव तापाने गेला. पाठोपाठ दुष्काळ आला, ऊस वाळला आणि मला भिंतीशी उपडी घातलं. माझ्या पोटाखाली कोंबड्या अंडी घालायच्या. साखरबाई खडी फोडायला जाऊ लागली. काम कष्टाचं होतं, पण शेजारी पन्नास बाया असायच्या. त्यांतली एक नदीपलीकडची भागुबाई. तीही एकटीच.

त्र्याहत्तरला पाऊसपाणी झालं. खडीचं काम संपलं आणि सगळ्या बाया आपापल्या रानात परतल्या. गावाला आनंद झाला. साखरबाई मात्र आणखी एकटी पडली. संक्रांतीला मुक्ताबाईने घरोघर वाण दिलं, मधलं एक दार सोडून. मुद्दाम नव्हे. विधवेला वाण देत नाहीत, म्हणून दिलं नाही.

भीमेला पाणी होतं आणि नाव नव्हती, म्हणून म्हाळूने मला नदीत घातलं. गोल काहील सरळ जात नाही मित्रांनो, गरगर फिरत जाते. तरी माणसं बसायची. दर गुरुवारी साखरबाईही बसायची. पैलतीरावर उंचवट्याला एक मठी होती, तिथे एक महाराज आणि त्यांची संगत. भागुबाईनेच तिला नेलं होतं. परतताना भागुबाई तिला काठापर्यंत सोडायला यायची, दोघी माझ्या कडेशी थांबून बोलायच्या, ते मी ऐकायचे.

"मागल्या गुरुवारी आला न्हाईत. डोकं दुखत हुतं का?" भागुबाई विचारायची.

"व्हय. तुमाला कसं कळलं?"

"जागा रिकामी दिसली."

बघा, एवढंच होतं. तिची जागा रिकामी आहे हे कुणाला तरी दिसत होतं. तिथे आरतीचं ताट तिच्या हातात द्यायचे, ती विधवा असून. गावात लोक म्हणायचे, साखरबाई भोळी आहे, भुलली. ती भोळी नव्हती. रसाचा आवाज ओळखणारी बाई भोळी कशी असेल? तिला भूक होती आणि तिथे कुणीतरी पान वाढलं होतं.

पण त्या पानाला अटी होत्या. आधी गुरुवारी घरच्यांशी बोलायचं नाही. मग कुठल्याच वारी नाही. मग घरची चूल मोडून मठीतलंच अन्न खायचं. तिने चूल मोडली. एकोणीसशे पंच्याहत्तरच्या माघी पौर्णिमेला वाट्याची जमीन मठीच्या नावे करून कायमचं तिकडे राहायचं, असंही ठरलं.

म्हाळू चिडला. "वैनी, आजपासून काहील बंद," तो म्हणाला आणि त्याने मला काठावर उपडी घातलं. भोवतीची माणसं हसली. एकजण म्हणाला, "जा आता महाराजांच्या पाठीवर बसून."

लांबच्या पुलावरून दिवसभर चालत साखरबाई पलीकडे गेली आणि परत आलीच नाही. महाराजांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तुमची माणसंच तुमची वाट अडवतील. म्हाळूने त्यांचा शब्द खरा करून दाखवला. मित्रांनो, माझ्या जन्मात माझ्याकडून झालेलं वाईट काम हे एवढं एकच.

पौष सरला. नवा ऊस तयार झाला होता. मला घासून चुलवाणावर चढवलं. यवतहून एक गुळव्या आणला. पहिली ढेप बसली, बसली म्हणजे सांडली. दुसरी तशीच. तिसरीला गुळव्या म्हणाला, "पाणीच खराब हाय तुमचं."

"पाणी खराब न्हाई," मुक्ताबाई म्हणाली. "गूळ जिला कळतो ती पल्याड हाय."

म्हाळूने मान खाली घातली. "मी कोणत्या तोंडानं जाऊ?"

"तुमी नुसतं वल्हं मारा. तोंड माझं हाय."

मला निवू दिलं, गाडीत घातलं आणि नदीवर नेलं. घासायलाही थांबले नाहीत. माझ्या कडेला पाक चिकटलेला, त्यामुळे माश्यांचा घोळका आमच्याबरोबर नदी पार करून आला.

साखरबाई काठावर भागुबाईसोबत भांडी घासत होती. पौर्णिमा आठवड्यावर आली होती. मुक्ताबाई माझ्यातून उतरली नाही.

"जाऊबाई, तुमाला न्यायला आलो न्हाई," ती म्हणाली. "इचारायला आलो. गूळ बसंना."

साखरबाईला बोलायची बंदी होती. मुक्ताबाईच पुढे म्हणाली, "संक्रांतीला मी तुमचं दार सोडून गेले. दोन वर्सं. मला तवा काय वाटलं न्हाई. आता वाटतं."

मग साखरबाई उठली. तिने माझ्या कडेवरचा पाक बोटाने खरवडला आणि जिभेवर ठेवला.

"चुना जास्त झालाय," ती म्हणाली. "आन् जाळ उशिरा वढला. कुणी केलं हे?"

"यवतचा हाय."

"दिसतंय."

ती वर मठीत गेली. गूळ होईपर्यंत चार दिवस जाऊन येते, असं तिने महाराजांना सांगितलं. त्यांचा आवाज काठापर्यंत आला. "गेलीस तर तुझी जागा गेली, मागे दार नाही." साखरबाईने मागोमाग आलेल्या भागुबाईकडे बघितलं. भागुबाईने डोळे खाली घातले. साखरबाई म्हणाली, "माज्या घराला दार हाय," आणि उतरून माझ्यात येऊन बसली. ती रडली. दोन वर्षांची सोबत सोडून येणं सोपं नसतं.

त्या हंगामात गुळव्याच्या जागेवर साखरबाई उभी राहिली. "वढा काहील" हे शब्द तिने पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले, तेव्हा तिचीच तिला लाज वाटली. ढेप मात्र दगडासारखी बसली. नवी चूल तिने मुक्ताबाईबरोबर घातली.

एक गोष्ट तिने सोडली नाही. दर गुरुवारी ती माझ्यात बसून पलीकडे जायची, पण काठापर्यंतच. तांब्यात काकवी घेऊन बसायची. भागुबाई पाण्याला आली की विचारायची, "गुडघा कसा हाय?" महाराजांविषयी एक शब्द काढायची नाही. असं दीड वर्ष चाललं. मग एका गुरुवारी भागुबाई रिकामी घागर काठावर ठेवून माझ्यात चढली.

आता माझा तळ झिजला आहे आणि गुऱ्हाळात नवी काहील आली आहे. मला त्याचं दुःख नाही. एकच मागणं आहे. तुमच्या आळीत एखाद्या दाराशी कुणी थांबत नसेल, तर तुम्ही थांबा. आणि कुणी दूर गेलं असेल, तर त्याला हसू नका आणि त्याची वाट अडवू नका. काठापर्यंत जात राहा.

भागुबाई एकोणीसशे एकोणऐंशीच्या पौषात, साखरबाईच्या घरी, छातीच्या दुखण्याने वारली. साखरबाई आणि मुक्ताबाई तिच्या उशाशी होत्या.