शेजारचा रकाना

“ही तिसऱ्या ढिगात,” डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी सिस्टरची चिठ्ठी टेबलाच्या पार कडेला सरकवली.

टेबलावर चिठ्ठ्यांचे तीन ढीग होते. हवंच, असलं तर बरं आणि पुढे बघू. डायलिसिस विभागाच्या नव्या सॉफ्टवेअरमध्ये काय असावं ते ठरवायला आम्ही तिघं बसलो होतो. माझं कामच ते. लोकांना काय हवंय ते विचारायचं, लिहून काढायचं आणि वेळेत बसेल तेवढं घासाघीस करून ठरवायचं. “जगाला विचारत फिरतेस, घरातही कधी विचार की,” असा नवरा टोमणा मारतो. बावीस वर्षं हे करतेय आणि ‘पुढे बघू’मधून वर आलेली एकही चिठ्ठी मी अजून पाहिलेली नाही.

सिस्टरच्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते. शेजारी कोण.

ती चिठ्ठी उशिरा आली, याला कारण मी. दीड महिन्यापूर्वी तिच्या रजिस्टरच्या झेरॉक्स काढून नेल्या आणि ऑफिसात बसून एकेक रकाना उतरवला. वजन, रक्तदाब, खुर्चीचा नंबर. यादी घेऊन आले आणि तोऱ्यात विचारलं, “आणखी काही?” ती म्हणाली, “नाही, छान आहे.” गेल्या आठवड्यात सहज तिच्याजवळ जाऊन बसले, तर मूळ पानावर नावांच्या कडेला पेन्सिलीच्या पुसट खुणा. झेरॉक्समध्ये त्या उठल्याच नव्हत्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“हे काय, सिस्टर?”

“ते काही नाही हो मॅडम. ते माझं आपलं.”

खनपटीलाच बसले तेव्हा कळलं. पेशंटनी आठवड्यातून तीनदा, चार चार तास यंत्राला जोडून बसायचं, तेही वर्षानुवर्षं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं, ते त्या खुणा सांगत होत्या. निवृत्त मास्तर आणि टॅक्सीवाला मध्ये बुद्धिबळाचा पट मांडत. एका हाताला सुई, दुसऱ्या हाताने खेळ. हरायची वेळ आली की मास्तरांना नेमकं गरगरायला लागायचं. सिस्टर महिनाअखेरीस निवृत्त होणार होती आणि आमचं सॉफ्टवेअर मोकळी दिसेल ती खुर्ची देऊन मोकळं होणार होतं.

“सिस्टर, हे हॉस्पिटल आहे, गप्पांचा अड्डा नाही,” डॉक्टर म्हणाले. माणूस वाईट नव्हता. हातात आठच आठवडे होते, आणि भिंतीवर रंगीत आलेखांचा मोठा पडदा लावायचं त्यांनी वरच्या साहेबांना कबूल केलं होतं. दोन्ही कामं त्या आठवड्यांत बसत नव्हती.

सिस्टर रजिस्टर आवरायला लागली. हिला भांडता येत नाही हे मला आधीच कळायला हवं होतं. मग मी माझं नेहमीचं हत्यार काढलं, म्हणजे प्रश्न. “सिस्टर, खुर्च्यांची अदलाबदल कधी झाली होती का?”

“गेल्या वर्षी. भिंतींना रंग दिला तेव्हा, तीन आठवडे.”

तिने पान काढून दिलं. डॉक्टर बोटाने गैरहजेऱ्या मोजू लागले. अकरा. आधीच्या तीन आठवड्यांत दोन.

“हा टॅक्सीवाला लागोपाठ दोनदा नाही?”

“पाचव्या दिवशी त्याला उचलून आणला, डॉक्टर. छातीत पाणी भरलं होतं. तुम्हीच वाचवलात.”

“पण आला का नव्हता?”

“म्हणाला, चार तास भिंतीकडे बघत बसायला कशाला येऊ?”

डॉक्टरांनी रजिस्टर मिटलं. मग त्यांनी रंगीत पडद्याची चिठ्ठी उचलून तिसऱ्या ढिगात ठेवली आणि सिस्टरची पहिल्यात. “साहेबांना काय सांगायचं ते मी बघतो,” ते पुटपुटले. त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

“हा रकाना सक्तीचा करते,” मी उत्साहाने म्हटलं. “भरल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही.”

“नको,” सिस्टर पहिल्यांदाच ठामपणे बोलली. “रिकामा ठेवता आला पाहिजे.”

“कशाला?”

“लागतं, मॅडम.”

मी लिहून घेतलं. कारणाच्या जागी काय लिहावं सुचेना, म्हणून ‘सिस्टर म्हणतात’ असं लिहिलं.

सात महिन्यांनी किरकोळ दुरुस्तीसाठी गेले. सिस्टरच्या जागी आता नवी नर्स होती. तिने कॉम्प्युटरवर टॅक्सीवाल्याच्या नावावर बोट ठेवलं. “मॅडम, यांचा शेजारचा रकाना तीन आठवडे रिकामाच आहे. मास्तर गेले ना. दर सोमवारी विचारते, आता कोणाला बसवू? म्हणतात, एवढ्यात नको. काही चुकत नाही ना माझं?”

“आणि ते येतात?”

“एकदाही चुकले नाहीत हो.”

बाहेर जाऊन सिस्टरला फोन लावला. “सिस्टर, तो रकाना...”

“मास्तर का गं?” तिने विचारलं. पहिल्यांदाच तिने मला गं म्हटलं.

“हो.”

“आणि तो? तो येतोय ना?”

“येतोय. सिस्टर, तुमचे फार उपकार झाले.”

“माझे कसले? तू विचारलंस म्हणून सांगितलं.”

आत आले तेव्हा नर्स सुई घेऊन खिडकीपाशी उभी होती. टॅक्सीवाल्याने मांडीवरचा मिटलेला पट शेजारच्या खुर्चीवर ठेवला, बाही वर केली आणि हात पुढे धरला.