भरलेल्या कार्ट्रिजची कैफियत

मित्रांनो, मी एक जुनी टोनर कार्ट्रिज आहे. ऑफिसातल्या लेझर प्रिंटरच्या पोटात बसून कागदावर अक्षरे उमटवणारी काळी, लांबट पेटी तुम्ही पाहिली असेल, तीच मी. छत्रीचे, नाण्याचे, फाटक्या पुस्तकाचे आत्मवृत्त तुम्ही शाळेत लिहिले असेल. ती मंडळी फार सोशीक. कोणी अडगळीत फेकले तरी उसासा टाकतात आणि मूग गिळून बसतात. मी बसणार नाही. मला राग आला आहे, आणि तो का आला आहे हे सांगितल्याशिवाय मी तुम्हाला सोडणार नाही.

माझा जन्म २००१ साली दूरदेशीच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. त्या कंपनीचे नाव मी घेत नाही. तिथल्या लोकांनी माझ्या कुशीत नखाएवढी एक चिप बसवली आणि मला जहाजात चढवले. जेबेल अली बंदरात उतरून मी दुबईच्या देरा भागातल्या एका विमा कचेरीत पोहोचले. तिथे तीन-साडेतीन महिने इमानेइतबारे पॉलिसी छापल्या. मग पावडर संपली, छपाई फिकट झाली, आणि त्याच दुपारी मला उपसून कचऱ्याच्या डब्यात टाकले. माझ्या जागी दोनशे साठ दिरहॅमची नवी कार्ट्रिज आली, म्हणजे त्या वेळचे जवळजवळ तेहतीसशे रुपये. माझे कवच धड होते, चाकांचे दाते धड होते, रूळ धड होता. ज्याच्यावरून अक्षरे कागदावर उतरतात तो ड्रम तेवढा थोडा झिजला होता. संपली होती ती फक्त वाटी-दोन वाट्या पावडर. घरात कणकेचा डबा रिकामा झाला तर तुमची आई डबा फेकून देते का?

माझे नशीब असे की त्या कचेरीत झाडलोट करणारे खैरुद्दीन माझ्यासारख्या कार्ट्रिज वेगळ्या काढून ठेवत आणि दर शनिवारी प्रल्हादकाका येऊन त्या विकत घेत. प्रल्हाद गुळवणी मूळचे पुण्याचे. १९९३ साली ते माझ्याच कंपनीच्या दुबईतल्या विक्रेत्याकडे सर्व्हिस इंजिनियर म्हणून आले. पाच वर्षे त्यांनी प्रिंटर दुरुस्त केले आणि धडधाकट कार्ट्रिज कचऱ्यात जाताना पाहिल्या. शेवटी नोकरीवर लाथ मारून त्यांनी अल कुसैसच्या औद्योगिक भागात एक शेड घेतली आणि जुन्या कार्ट्रिज नव्याने बांधायला सुरुवात केली. हाताखाली एकच कारागीर होती, केरळमधल्या कासरगोडची हलिमा. तिची कमाई दरमहा घरी जायची आणि त्यावर तिच्या दोन बहिणी शिकत होत्या.

हलिमाने मला कानाशी धरून हलवले. "सर, इसका सिर्फ ड्रम गया है. बाकी फर्स्ट क्लास," ती म्हणाली. मग तिने मला पूर्ण उघडले. उरलेली पावडर शोषून काढली, प्रत्येक दाता ब्रशने साफ केला, नवा ड्रम चढवला आणि काट्यावर तोलून पावडर भरली. एक पान पूर्ण काळे छापले, एक कोरे सोडले, एक बारीक रेघांचे काढले. तिन्ही पाने मनासारखी आली तेव्हाच तिने माझ्या पोटावर मार्करने माझा क्रमांक लिहिला, ४१७. प्रल्हादकाकांनी वर लेबल चिकटवले: 'पुन्हा भरलेली', इंग्रजीत आणि अरबीत. काही जण असला माल नवा म्हणून विकायचे. काकांना ते कधी जमले नाही.

शारजातल्या एका भारतीय शाळेत आम्ही भरलेल्या कार्ट्रिज जात असू. काकांची मुलगी अस्मी तिथेच सहावीत होती. शाळेत अकरा प्रिंटर होते, आणि अल कुसैसच्या त्या शेडचे अर्धे काम या एका शाळेवर चालायचे. मला ऑफिसमधल्या प्रिंटरमध्ये बसवले. ऑफिस सांभाळणाऱ्या सुचित्रा मॅडम एकदा म्हणाल्या, "प्रल्हादजी, ओरिजिनलपेक्षा तुमचीच छपाई काळीभोर येते हो." प्रिंटर मात्र दर वेळी पडद्यावर टोमणा मारायचा, 'ही कार्ट्रिज मूळ कंपनीची नाही.' मॅडम हिरवे बटण दाबायच्या आणि छपाई सुरू व्हायची. टोमणा तर टोमणा, काम करू देत होता ना, म्हणून मीही तो गिळत होते. चूकच झाली माझी.

२००३ च्या फेब्रुवारीत निनाद आला. हा कंपनीच्या विक्रेत्याकडचा सेल्स मॅनेजर. एके काळी काका आणि तो दुबईच्या करामा भागात एका खोलीत राहायचे, एका डब्यात जेवायचे. त्याने मॅडमच्या टेबलावर एक सीडी ठेवली. मी हाताच्या अंतरावर होते, शब्द न् शब्द ऐकला.

"मॅडम, कंपनीचं नवीन अपडेट आहे. पेपर जॅमचा प्रॉब्लेम खलास."

"पण आमचे प्रिंटर प्रल्हादजी बघतात."

"अहो, मग त्यालाच टाकायला सांगा ना. जुना दोस्त आहे आपला. त्याच्याइतकं नीट कोण टाकणार?"

निनादला काकांची एक खोड पक्की माहीत होती. काका महिन्यातून एकदा शाळेत येऊन सगळे प्रिंटर पुसून, तपासून जायचे आणि नवे काही आले असेल तर तेही चढवायचे, फुकट. नोकरीत लागलेले वळण होते ते. गिऱ्हाइकाचे मशीन जुन्या प्रोग्रॅमवर चाललेले त्यांना बघवत नसे. त्या शनिवारी ते आले आणि स्वतःच्या हाताने, एकामागून एक, अकराही प्रिंटरमध्ये ती सीडी उतरवली. चाचणीची पानेही काढली. झकास आली. "आता वर्षभर कटकट नाही," असे मॅडमना सांगून ते शीळ घालत निघून गेले. सीडीतला हुकूम लगेच काही बोलला नाही, हीच तर त्याची लबाडी. तीन आठवडे तो मशीनमध्ये दबा धरून बसला.

मार्चमध्ये रिपोर्ट कार्ड छापायच्या दिवशी सकाळी अकराही पडद्यांवर एकच ओळ आली. 'कार्ट्रिज रिकामी आहे. बदला.'

रिकामी! चारच दिवसांपूर्वी हलिमाने मला काठोकाठ भरून पाठवले होते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मॅडमनी हिरवे बटण दाबले, पुन्हा दाबले, दहा वेळा दाबले. काही झाले नाही.

काका आणि हलिमा धावत आले. सोबत ताज्या कार्ट्रिजचे खोके होते. एकेक बसवली, एकेक नाकारली गेली. "सर, ये तो मैंने कल ही भरा है," हलिमा पुन्हा पुन्हा म्हणत होती, "अपने हाथ से तौला है." काकांची नजर टेबलावरच्या सीडीवर गेली. त्या सीडीने मशीनला एकच शिकवले होते: कुशीतली चिप एकदा वापरलेली दिसली की पोटात पावडर असो वा नसो, रिकामी म्हण. ते खुर्चीत बसले.

"मीच टाकलं हे," ते म्हणाले. "माझ्या हाताने टाकलं."

तेवढ्यात निनाद अकरा नव्या कार्ट्रिज ट्रॉलीवर घालून हजर झाला. लक्षात घ्या, त्याला कोणीही फोन केलेला नव्हता. केसाने गळा कापणे म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिले.

काका उठले. त्यांनी मला प्रिंटरमधून काढले, माझे बूच उपसले आणि एका कोऱ्या रिपोर्ट कार्डावर मला पालथे केले. काळ्याभोर पावडरीचा ढीग पडला. "मॅडम, ही रिकामी आहे?"

सुचित्रा मॅडमचा चेहरा पडला. "मला दिसतंय हो, प्रल्हादजी. पण साडेसहाशे कार्डं छापायची आहेत. उद्या पॅरेंट्स येणार. मी त्यांना हा ढीग दाखवू का?"

"अरे यार, पर्सनली घेऊ नकोस," निनाद म्हणाला. "कंपनीची पॉलिसी आहे. मी काय करणार?"

"ही शाळा गेली तर मला हिचा व्हिसा कॅन्सल करावा लागेल," काका हलिमाकडे बोट दाखवून म्हणाले. "हिला देश सोडून जावं लागेल. हे पण पर्सनली घ्यायचं नाही?"

निनाद मोबाइलची बटणे दाबत म्हणाला, "होईल रे काहीतरी, इन्शाल्ला."

हलिमाला मराठी फारसे कळत नव्हते, पण तिच्याबद्दल काय बोलणे चालले आहे ते तिला कळले. तिने मला बूच लावले आणि टेबलावरची पावडर कोरड्या फडक्याने पुसून घेतली. ओले फडके लावले तर डाग बसतो. त्या घटकेलाही तिला शाळेच्या टेबलाची काळजी होती, आणि निनाद तिच्या डोक्यावरून हात लांब करून मॅडमना सही कुठे करायची ते दाखवत होता.

ती दोघे खोके उचलून गेली. गडबडीत मी मागे राहिले. मॅडमनी मला दोन दिवस कपाटावर ठेवले आणि मग शाळेच्या व्हरांड्यातल्या एका नव्या पेटीत टाकले.

त्या पेटीवर हिरवे पान काढलेले आहे. 'धरती वाचवा! रिकाम्या कार्ट्रिज इथे टाका.' पेटी कंपनीनेच दिली आहे. ज्या वर्गाने जास्त कार्ट्रिज जमवल्या त्याला प्रशस्तिपत्रक मिळते. मुले घरून, वडिलांच्या ऑफिसातून कार्ट्रिज आणतात आणि टाळ्या वाजवत आत टाकतात. पेटी भरली की कंपनीची गाडी ती घेऊन जाते आणि आमचा भुगा करते. धड दात्यांचा, धड रुळांचा, सगळ्याचा भुगा. कशासाठी? तर कोणा प्रल्हादच्या हाती आम्ही पुन्हा लागू नये म्हणून. चांगली वस्तू चिरडायची आणि वर धरतीच्या नावाने नाकाने कांदे सोलायचे! तुम्हाला, मुलांना, या कामाला जुंपले आहे, याची मला सगळ्यात जास्त चीड येते.

आज एप्रिलमधला सोमवार आहे. मधल्या सुट्टीत अस्मी मैत्रिणीबरोबर पेटीपाशी आली. तिने फटीतून आत पाहिले आणि माझ्या पोटावरचा आकडा ओळखला.

"दॅट्स हलिमा आंटीज रायटिंग!" ती ओरडली. मग मैत्रिणीला भराभर सांगू लागली. "बाबा गॉट न्यू ऑर्डर्स, यू नो? फ्रॉम द टायपिंग सेंटर्स. हलिमा आंटी कॅन स्टे. बट देअर आर नो एम्टीज लेफ्ट! एव्हरीवन इज ड्रॉपिंग देम हिअर."

ऐकलेत? टायपिंग सेंटर म्हणजे व्हिसाचे अर्ज टाइप करून देणारी अल कुसैसमधली छोटी दुकाने. त्यांच्याकडे माझ्याच जातीचे प्रिंटर आहेत आणि ती सीडी तिथे पोहोचलेली नाही. काम आहे, काम करणारी आहे. भरायला कार्ट्रिज नाहीत, कारण त्या या पेटीत आहेत, माझ्या आजूबाजूला, गळ्यापर्यंत.

अस्मीने कोपरापर्यंत हात घातला. पण पेटीचे तोंड असे केले आहे की वस्तू आत जाते, बाहेर येत नाही. तिची बोटे मला लागली आणि निसटली. "बेटा, क्लास में जाओ, यल्ला, चलो," सुरक्षारक्षक म्हणाला, आणि ती गेली.

मित्रांनो, मला तुमची दया नको. मला काम हवे आहे. पडदा म्हणतो म्हणून एखादी वस्तू रिकामी आहे असे मानू नका; हातात घ्या, हलवून पाहा, वजन बघा. आणि यापुढे या पेटीत काही टाकण्याआधी ते कोणाच्या पोटावर पाय देऊन टाकतो आहोत, हे विचारा. एवढे बास. आता कामाचे बोलते. पेटीच्या मागच्या बाजूला कुलूप नाही, चार स्क्रू आहेत. साधा चौफुलीचा स्क्रूड्रायव्हर चालेल. गाडी बुधवारी सकाळी येते.