काडीचा वेग, थाळीचा वेग

मास्तरांनी आयुष्यभर लोकांना गाडी चालवायला शिकवलं. "हळू घ्या, रस्ता काही पळून जात नाही," हे त्यांचं वाक्य शिकाऊ लोकांना झोपेतही ऐकू येई. निवृत्त झाल्यावर मात्र त्यांनी स्वतःची गाडी गॅरेजबाहेर उन्हात उभी केली, तिच्या जागी लोखंड गरगर फिरवून कातायचा छोटासा लेथ बसवला आणि लोखंडाच्या मागे हात धुऊन लागले.

बायकोने काही दिवस कौतुकाने पाहिलं. मग ती कुंड्यांची ढकलगाडी ओढत गॅरेजच्या दारात आली. गाडीचं एक चाक तुटलं होतं.

"अहो, नुसते दांडे घासताय. हिचं चाक करून द्या."

मास्तरांना तेच हवं होतं. आधी त्यांनी आस, म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो दांडा, करायला घेतला. बोटाएवढा बारीक लोखंडी गज यंत्रात आवळला, यंत्र फिरवणारा पट्टा सर्वात वेगवान पुलीवर चढवला आणि फिरत्या गजाला कापायचं हत्यार टेकवलं. आस असा गुळगुळीत निघाला, की बायकोने तो डोळ्यांसमोर धरला.

"यात माझं नाक दिसतंय."

"छान दिसतंय," मास्तर म्हणाले आणि ऐटीत चाकाकडे वळले.

चाकासाठी बशीएवढी लोखंडी चकती होती. लोखंड तेच, मग वेगही तोच, असा सरळ हिशेब करून त्यांनी पट्ट्याला हातही लावला नाही. हत्यार टेकताच यंत्राने असा टाहो फोडला, की मांडणीवरचे डबे थरथरले. धूर निघाला, निळे पडलेले कपचे उडाले आणि हत्याराचं टोक जळून गेलं. मास्तरांनी दुसरं हत्यार लावलं. त्याचीही तीच गत झाली.

तेवढ्यात शेजारचे दातांचे डॉक्टर हातमोज्यांसकट दारात उभे राहिले.

"मास्तर, माझा पेशंट खुर्चीतून उठून गेला. त्याला वाटलं, हा आवाज आतल्या खोलीतून येतोय."

मास्तरांनी माफी मागितली आणि डॉक्टरांची पाठ वळताच सगळा दोष लोखंडावर ढकलला. लोखंड झालं, मग दुकानदार झाला, मग हत्यार बनवणारे झाले. बायको ऐकत होती, पण तिचं लक्ष चाकावर होतं.

"याच्या काठाला रबर लावायचंय. किती लागेल?" असं म्हणत तिने चकतीभोवती दोरा गुंडाळला, एक वेढा मोजून तोडला आणि मास्तरांच्या हातात दिला. "आसालाही वायसर कापायचाय," म्हणून त्याचाही वेढा घेतला.

मास्तरांच्या एका हातात बोटाच्या पेरांत मावणारा दोरा होता आणि दुसऱ्या हातात कोपरापर्यंत लोंबणारा. ते दोन्हींकडे बघतच राहिले.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"एका फेऱ्यात आसाचं एवढंसंच लोखंड हत्याराखालून जातं," त्यांनी आखूड दोरा हलवला, "आणि चकतीचं एवढं. फेरे तेवढेच ठेवले, तर काठ पळतोय किती बघ. मी हत्याराला भर बाजारातून सुसाट पळवत होतो."

"तुमच्या शिकाऊंनी असं केलं असतं तर?"

"पुढच्या वळणावर उतरवलं असतं."

त्यांनी यंत्र बंद केलं, पट्टा सर्वात संथ पुलीवर सरकवला, नवं हत्यार लावलं आणि तेलाचे थेंब सोडले. चकती आळसावलेल्या म्हशीसारखी फिरू लागली. मास्तरांना राहवेना, हात सारखा पट्ट्याकडे जाई. पण त्यांनी दम धरला. हळूहळू रुपेरी कीस वळ्या घेत गळू लागला. यंत्र नुसतं गुणगुणत होतं.

संध्याकाळी डॉक्टर पुन्हा डोकावले. "आवाज थांबला, म्हटलं बघावं, सगळं ठीक आहे ना."

बायकोने ढकलगाडीला नवं चाक लावून कुंड्या भरल्या आणि अंगणात एक चक्कर मारली. नवं चाक लोण्यासारखं पळत होतं. जुनी तीन चाकं खडखडत मागून येत होती आणि गाडी दर पावलाला एका बाजूला वळत होती.

"बघा," ती म्हणाली, "एक चांगलं केलंत आणि बाकीच्यांची लाज काढलीत."

मास्तरांनी चेहरा शक्य तितका गंभीर ठेवला. "म्हणजे तिन्ही करावी लागणार," ते म्हणाले आणि आणखी एक लोखंडी चकती उचलायला घाईघाईने आत गेले.