विहिरीचं निळं पाणी

"हे सांगितलं तर कुणाचा म्हणून विश्वास बसायचा नाही," विहिरीच्या कठड्यावर थाप मारत थोरले भाऊजी म्हणाले, "पण परवा या पाण्यात मी नुसती काठी बुडवून ठेवली. वाळकी, खणखणीत काठी. दुपारी बघतो तर काठीला पालवी फुटलेली!"

जमलेले लोक हसले. त्यांच्या धाकट्या भावाच्या बायकोला, घरातल्या धाकटीला, मात्र हसू आलं नाही. एका हातानं तिनं कडेवरचं पोर सावरलं होतं आणि दुसऱ्या हातानं नाकावर रुमाल दाबून धरला होता. हसायला तोंड उघडलं असतं तर वास आत गेला असता.

पाणी तपासायला आलेल्या बाईंनी दोरीला बांधलेली बाटली विहिरीत सोडली होती. ती वर आली तेव्हा बाहेरून बुळबुळीत झाली होती, शेंबूड लागल्यासारखी. बाईंनी हातमोज्याच्या दोन बोटांत ती धरली, उन्हात फिरवून पाहिली आणि मान दुसरीकडे वळवली.

"याचा निकाल यायला महिना लागेल," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत वाट बघायची नसेल तर एकच मार्ग आहे. घरातल्या कुणीतरी माझ्यासमोर तोंडानं तक्रार सांगायची. मग ते वरच्या शेतात खत पसरणं आजच बंद करायला लावते आणि ढीगही उचलायला लावते. आहे कुणाची तक्रार?"

"तक्रार?" भाऊजी म्हणाले. "या पाण्याची? विचारा की आमच्या घरच्यांना!"

घरच्यांनी आपापल्या चपलांकडे पाहिलं. धाकटीचा नवरा तर इतकं मन लावून पाहत होता, जणू चपला आजच नव्या घेतल्या होत्या. या घरात भाऊजींच्या बोलण्यावर बोलायची पद्धत नव्हती. धाकटीला काही सांगायचं असलं की ती नवऱ्याला सांगायची, नवरा घसा खाकरायचा, आणि गोष्ट तिथेच संपायची.

तसं पाहिलं तर हे सगळं कोबीपासून सुरू झालं.

विहिरीच्या वरच्या अंगाला उतारावर भाऊजींचं शेत होतं. माती कसली, चाळणीच ती! पाणी ओतावं तर वरून गेलेलं खालून निघायचं. तिथं कोबी लावला आणि तो लिंबाएवढा होऊन अडून बसला. भाऊजींच्या वाड्यात मेंढ्या भरपूर, आणि मेंढ्यांच्या मागं लेंड्याही भरपूर. लेंडीखतासारखं कडक खत नाही, हे त्यांनी कुठंतरी ऐकलेलं. मग काय, घोट्यापर्यंत थर पसरला. वरून फवारे लावले. कसे? तर रात्रंदिवस. खत जिरलं पाहिजे म्हणाले.

खत जिरलं. इतकं जिरलं की कोबीच्या मुळांना रामराम करून सरळ खाली विहिरीत उतरलं. कोबी लिंबाएवढाच राहिला आणि विहिरीच्या कठड्याभोवतीचं गवत माणसाच्या डोक्यावर गेलं. बकरी आत शिरली की तिला हाका मारून शोधावं लागे.

"दादा, मला वाटतं खताचा कस पाण्याबरोबर खाली वाहून जातोय," धाकटीचा नवरा एकदाच म्हणाला होता.

"मग आणखी टाकू," भाऊजी म्हणाले. "किती जाईल जाऊन जाऊन!"

आणखी टाकलं. मग आणखी.

आधी पाणी पिवळं झालं. फिक्या चहासारखं, आणि वर चहावर धरते तशी साय. ही साय बोटानं बाजूला केली की बोटाला चिकटून यायची आणि झटकली तरी पडायची नाही. मग वास आला. ओली मेंढी कपाटात कोंडून आठवड्यानं दार उघडावं, तसा. भांडी त्या पाण्यानं घासली की भांड्यांना तो वास, भांड्यातल्या भाताला तो वास, भात खाऊन ढेकर दिला तर ढेकरालाही तोच. अंघोळ करून आलं की आता खरी अंघोळ करावी असं वाटायचं. एके दिवशी धाकटीनं चूळ भरली तर दातांत काहीतरी अडकलं. काढून पाहिलं तर लोकरीचा केस. त्याला बारीकसं, मऊसं काहीतरी लटकलेलं. ती तशीच मागच्या दाराशी जाऊन ओकली, आणि ओकून झाल्यावर तोंड धुवायला तेच पाणी.

तरी तेव्हा ते निळं नव्हतं.

मेंढ्या कातरून झाल्या की भाऊजी प्रत्येकीच्या पाठीवर निळा पट्टा ओढायचे, दुसऱ्याच्या कळपात गेली तर ओळखू यावी म्हणून. यंदा स्वस्त पडतो म्हणून त्यांनी रंगाचं अख्खं पिंप आणलं. एका मेंढीनं धडक दिली, पिंप वाड्यात आडवं. रात्रभर कळप त्या रंगात लोळला. सकाळी वाड्यात मेंढ्या नव्हत्या, शाईच्या दौती उभ्या होत्या. आणि खाली लेंड्यांचा चिखल, निळाशार, जांभळं सांडल्यासारखा. बघताना क्षणभर तोंडाला पाणी सुटावं आणि पुढच्या क्षणी ते पाणी थुंकून टाकावं असं ते दृश्य.

"रंगानं काय होतंय? खत ते खत," म्हणून भाऊजींनी तेही शेतात ओढलं, वरून माती फिरवली, आणि फवारे सोडले.

चौथ्या की पाचव्या दिवशी घर निळं व्हायला लागलं. आधी पोराची दुपटी. मग पळ्या. धाकटीच्या नवऱ्याची दाढी पिकलेली, ती पाणी पिता पिता मोरपिशी झाली. थोरल्या जाऊबाईंना ओठावर पेला टेकवून सावकाश प्यायची सवय. त्यांच्या हनुवटीवर निळी चंद्रकोर उमटली आणि ती राखेनं घासूनही जाईना. वाण्याच्या दुकानात त्यांना कुणीतरी विचारलं, "गोंदवून घेतलंत का?"

"हो," जाऊबाई म्हणाल्या. "मेंढीकडून."

भाऊजींना मात्र काहीच दिसत नव्हतं. दिसत असलं तरी ते सांगत नव्हते. त्यांच्या खोलीचं दार अलीकडे बंद असायचं. एकदा झाडताना जाऊबाईंचा केरसुणीचा दांडा पलंगाखाली कशाला तरी लागला आणि आतून पाणी हिंदकळल्यासारखा डबडब आवाज आला, तर भाऊजी अंगावर धावून आले. "काय आहे हो खाली?" धाकटीनं विचारलं. "मला विचारू नकोस," जाऊबाई म्हणाल्या. "मी विचारलं होतं."

मोठ्यांचं मोठ्यांनी पाहिलं असतं. धाकटीचा जीव अडकला होता तो पोरात. तिचं दूध पुरत नव्हतं, पोर बाटलीवर होतं. दवाखान्यातल्या नर्सनं निळी दुपटी पाहिली, एक उचलून नाकाशी नेली आणि लगेच लांब धरली.

"याला हे पाणी चमचाभरसुद्धा द्यायचं नाही."

"मी उकळून देते ना ताई."

"उकळून आणखी वाईट. जंतू मरतील, पण खतातलं जे पाण्यात विरघळलंय ते कुठं जाणार? पाणी आटतं आणि ते घट्ट होतं. एवढ्याशा पोराच्या रक्तात ते गेलं की रक्तच गुदमरतं."

त्या दिवसापासून धाकटी पोराच्या बाटलीपुरतं पाणी शाळेच्या नळावरून आणत होती, चढ चढून, घागर कमरेवर आणि पोर पाठीवर. परवा चढावर तिचा पाय घसरला. घागर फुटली, पोर वाचलं. त्या संध्याकाळी बाटली धुवायला पाणी उरलं नव्हतं. पोर रडून रडून थकलं तेव्हा तिनं विहिरीचं पाणी भांड्यात घेतलं, त्यावरची साय हलताना पाहिली आणि भांडं भिंतीवर फेकलं. भिंतीवर अजून तो डाग होता. निळा, खाली ओघळलेला, कडेला लेंडीच्या चुऱ्याची किनार. नर्सनंच पुढे निरोप पाठवून या तपासणीच्या बाईंना बोलावलं होतं.

आणि आता बाई विचारत होत्या, आहे कुणाची तक्रार?

"हा निळा रंग कुठून आला?" त्यांनीच पुढे विचारलं.

"तांबं!" भाऊजी म्हणाले. "खाली तांब्याची खाण आहे. आमच्या आजोबांना माहीत होतं, पण बोलले नाहीत. साधा माणूस."

"आणि वास?"

"खनिजांचा. बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला काय सांगायचं? पण विश्वास बसायचा नाही, आमच्या कोंबडीनं हे पाणी प्यायलं आणि असं अंडं घातलं की ते पाहून ती स्वतःच घाबरून झाडावर जाऊन बसली. अजून उतरत नाही. आणि हा न्हावी बघा!"

टकलू न्हावी गर्दीत होता. तो दचकला.

"यानं या पाण्यानं डोकं धुतलं. रात्रीतून इतके केस आले, इतके आले की सकाळी दुकान उघडायच्या आधी स्वतःचंच डोकं तीनदा करावं लागलं. शेवटी कंटाळून गुळगुळीत करून टाकलं!"

"तिसऱ्यांदा वस्तरा बोथट झाला होता," न्हावी म्हणाला, आणि लोक पोट धरून हसले.

बाईसुद्धा हसल्या. हसलेलं माणूस बाटल्या गोळा करून निघून जातं, हे धाकटीला कळत होतं. मग महिना. महिनाभर चढ, महिनाभर घागर, आणि पाय एकदाच घसरतो असं थोडंच आहे? तिनं नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं घसा खाकरला. गोष्ट तिथेच संपली.

"म्हणजे तुम्ही स्वतः हेच पाणी पिता?" खोक्याचं झाकण लावता लावता बाईंनी विचारलं.

"मग दुसरं कुठलं पिणार! अहो, सकाळी उठलो की चूळ नाही, तोंड धुणं नाही, पहिली इथं हजेरी. बादली वर ओढायची आणि तिलाच तोंड लावायचं. पेला बिला आपल्याला चालत नाही. नाक बुडेपर्यंत, मिशा निथळेपर्यंत प्यायचं! आज प्यायलो, काल प्यायलो, पिंपभर प्यायलो असेन. काय झालंय मला?"

आणि त्यांनी दोन्ही हातांनी मिशा वर सरकवल्या. भरघोस मिशा, टोकाशी वळवलेल्या. उन्हात त्या चमकल्या.

धाकटीनं आधी नवऱ्याची मोरपिशी दाढी पाहिली. मग जाऊबाईंच्या हनुवटीवरची चंद्रकोर. मग कडेवरचं दुपटं. मग पुन्हा मिशा.

तिनं नाकावरचा रुमाल काढला. वास भसकन आत शिरला, थेट घशापर्यंत. तिनं तो गिळला. जाऊबाई एक पाऊल सरकून तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"भाऊजी," ती म्हणाली, आणि तिचा आवाज ऐकून नवऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. "मग तुमच्या मिशा पांढऱ्याशुभ्र कशा?"