पिवळी चिठ्ठी

“ज्यांना नाही म्हणायचंय, त्यांनी एक पाऊल पुढे या.”

सोळा वर्षं झाली, तरी तो आवाज फिलोमीजच्या कानातून गेला नव्हता. जाड, तेलकट, पोट भरलेल्या फौजदाराचा आवाज. शाळेच्या अंगणात सगळं गाव रांगेत उभं होतं आणि प्रत्येकाच्या हातात एकच चिठ्ठी होती. तिच्यावर छापलेलं होतं ‘हो’. राष्ट्राध्यक्षाचं राज्य बापाकडून मुलाकडे जावं का? हो. पुढे कुणी आलं नाही. फक्त तिच्या म्हाताऱ्या बापाने भाबडेपणाने विचारलं, “साहेब, दुसरी चिठ्ठी कुठाय?” फौजदाराने एका फटक्यात त्याची हॅट चिखलात उडवली. लोक हसले, हसावंच लागलं. फिलोमीजने हॅट उचलली, झग्याला पुसली, आपली ‘हो’ पेटीत टाकली आणि बापाचा हात धरून घरी आली.

तेव्हापासून ‘हो’ हा शब्द तिच्या तोंडून गेला तो गेलाच. भूक लागली का विचारलं, तर “वाढलंत तर जेवेन.” पाऊस येईल का? “ढग तर तसेच दिसतात.” लेकीने लग्नाचं विचारलं तेव्हा “मुलगा कामसू आहे” एवढंच म्हणाली आणि डोक्याचा रुमाल सोडून डोळे पुसले. दोन वर्षांपूर्वी पुन्हा तसलीच चिठ्ठी टाकायचं फर्मान निघालं, तर बाई तीन दिवस आधीपासून तापाने फणफणली आणि चौथ्या दिवशी रस्त्याकडेला भजी तळायला हजर. गावाला तिची सवय झाली.

सवय झाली नव्हती ती एकट्या लोरिस्तांला. हा शेजारचा पत्रेवाला. दुधाच्या रिकाम्या डब्यांतून तो रॉकेलच्या चिमण्या करी, गाळण्या करी, आणि ईस्टरआधीच्या उपवासात रारा मिरवणुकीसाठी हातभर लांब तुताऱ्या करी. बायकोला जाऊन दहा वर्षं झालेली; फिलोमीजही कधीचीच एकटी. सात वर्षं दर ईस्टरला तो स्वच्छ सदरा घालून यायचा, मलांगाच्या कंदाच्या भज्यांची पुडी घ्यायचा आणि म्हणायचा, “शेजारीणबाई, हो म्हणा ना.”

“भजी गरम आहेत, पत्रेवाले. जीभ भाजेल.”

एवढं ऐकलं, की तो पुढच्या ईस्टरपर्यंत गप्प.

यंदा मात्र ईस्टरची वाट बघायला सवड नव्हती. दूर उत्तरेला, कॅप शहरात दिलेल्या लेकीने त्याला कायमचं बोलावून घेतलं होतं. “सोमवारी सकाळच्या ट्रकने निघतोय,” शनिवारी तो कढईकडे बघत म्हणाला. “तुम्ही शब्द दिलात तर हत्यारं बांधत नाही.”

फिलोमीजने झारा फिरवला. ओठापर्यंत काहीतरी आलं आणि तिथंच अडलं, चिखलात पडलेली हॅट समोर दिसली. “रविवार जाऊ दे,” ती म्हणाली.

रविवारी मतदान होतं. ज्याच्यासाठी ती ‘हो’ टाकली, तो बापाचा बाळ विमानात बसून देशाबाहेर पळाला त्याला वर्ष उलटलं होतं. आता नवी घटना आली होती, तिला हो की नाही ते सांगायचं होतं, आणि ती रेडिओवर रोज वाचली जात होती, साहेबांच्या फ्रेंचमध्ये नव्हे, बाजारात भांडतो त्या भाषेत. पाण्यावरच्या बायका म्हणत, “अगं, कायदा आपल्यासारखाच बोलतो की. मुसकं सुटलं त्याचंही.” जन्मभराचा राष्ट्राध्यक्ष नको, हे कलम तर भाजीवाल्यांनासुद्धा पाठ झालेलं. फिलोमीजला ते सगळं हवं होतं. नको होता तो एकच शब्द.

रांग त्याच शाळेच्या अंगणात होती. लोरिस्तां पुढे चार माणसं सोडून उभा; एकदाही मागे वळला नाही.

“फिलो,” मागून मादाम अँतेनोर म्हणाली, “आज कसं गं करशील? पेटीत ‘बघू’ टाकशील?”

“पेटीला ताप आलाय म्हणेल,” कुणीतरी जोडलं. रांग खदखदली. फिलोमीजही हसली आणि रांगेबरोबर एक पाऊल पुढे सरकली.

आत टेबलामागे इझमेनी मास्तरीण बसली होती. लहानपणी फिलोमीजच्या भज्यांवर वाढलेली पोर. तिने दोन चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. “मावशी, पांढरी हो, पिवळी नाही. एक पेटीत टाकायची.”

फिलोमीजने पिवळी उचलली. उलटी केली, सुलटी केली, उजेडाकडे धरली.

इझमेनी हळूच पुटपुटली, “मावशी, तुम्हाला नाही म्हणायचंय?”

“छे गं. नुसती बघतेय. ही मी आयुष्यात पहिल्यांदा बघतेय.” ती खुर्ची ओढून बसलीच. “ही टाकली तर काय होईल?”

“मोजतील.”

“आणि मग?”

“मग काही नाही. तुम्ही घरी जाल.”

“कुणी येणार नाही मागनं?”

“येईल की. मादाम अँतेनोर. तिला भजी हवी असतील.”

बाहेरून आरडाओरडा झाला, “आत झोप लागली का बाईला?” फिलोमीजने ओरडून सांगितलं, “थांबा रे. सोळा वर्षं थांबलात, अजून थोडं थांबा.” मग पिवळी चिठ्ठी तिने झोपलेल्या बाळासारखी टेबलावर अलगद ठेवली, पांढरी घडी करून पेटीत सोडली आणि बाहेर आली. ऊन तेच होतं, धूळ तीच होती. तिला मात्र कुणी पाठीवरचं ओझं उतरवून घेतल्यासारखं वाटलं.

ती घराकडे पोचते तोच वाटेच्या वळणावर रारा येऊन ठेपला. ढोल, बांबूचे भोंगे आणि लोरिस्तांच्या पत्र्याच्या तुताऱ्या. बातमी त्यांच्याआधी पोचली होती, कारण पुढच्या गायकाने तिला बघताच चाल बदलली:

सरकारच्या पेटीला हो मिळालं,
पत्रेवाल्याचं घोडं कुठं अडलं?
सांग गं फिलो, सांग गं बाई,
त्याच्या नशिबी हो की नाही?

लोरिस्तां दारात पेटाऱ्याला दोरी बांधत होता. त्याने दोरीला उगाच आणखी एक वेढा दिला. “यांच्या तुताऱ्या मीच केल्यात,” तो म्हणाला, “नाहीतर आत्ता परत घेतल्या असत्या.”

फिलोमीज त्याच्यासमोर उभी राहिली. “पत्रेवाले, सात वर्षं तुम्ही ‘हो म्हणा, हो म्हणा’ म्हणालात. पिवळी चिठ्ठी कधी दिलीत मला?”

“म्हणजे?”

“मी नाही म्हणाले तर काय होईल?”

हा विचार त्याने कधी केला नव्हता, हे उघड होतं. तो पेटाऱ्यावर बसला आणि खरंच विचार करू लागला. ढोलवालेही हात आवरून ऐकू लागले.

“जाईन कॅपला,” तो शेवटी म्हणाला. “ट्रकमध्ये रडेन थोडा, डोळ्यात धूळ गेली म्हणेन. लेकीच्या हातचं खारट खाईन. ईस्टरला कुणाकडून तरी निरोप धाडेन, तुम्ही बऱ्या आहात ना म्हणून.” मग आठवल्यासारखं म्हणाला, “तुमच्या कढईचा कान ढिला झालाय. त्याला कथलाचा डाग देऊनच निघेन.”

“रागावणार नाही?”

“तुमच्यावर? तोंड तुमचं, शब्द तुमचा. मी कोण त्याचा?”

फिलोमीजने त्याच्याकडे नीट बघितलं. हा माणूस कुणाची हॅट कधी उडवणार नाही. पडलीच तर वाकून उचलून देईल. ती खाली बसली आणि पेटाऱ्याची गाठ सोडू लागली. गाठ घट्ट होती, दातांनी सोडावी लागली. रस्त्यावर कुणी खोकलं, कुणी त्याला चूप केलं.

“हो,” ती म्हणाली. मग रस्त्यापर्यंत पोचेल असं पुन्हा म्हणाली, “हो, लोरिस्तां. पण लग्न ईस्टरनंतर. आणि तुताऱ्या घरात वाजवून बघायच्या नाहीत.”