पोटात मटकी, पाठीवर कॅमेरा

मित्रांनो, मी एक जुनी पिशवी आहे. पण मला बाजारात नेऊ नका. माझी दोन्ही तोंडं शिवलेली आहेत आणि पोटात मटकी आहे. दिसते उशीसारखी, पण माझ्यावर कोणी डोकं ठेवत नाही. माझ्यावर कॅमेरा टेकतो.

भाईंदर पश्चिमेला, जिथून मिठागरं दिसतात अशा एका इमारतीत पंढरीनाथ राहतात. त्यांना आभाळाचा नाद. सूर्याभोवती प्रकाशाचं खळं पडलं, की ताटावरून उठून गच्चीवर. पण लांबचं टिपणारी लेन्स जड आणि हात थरथरणारा, त्यामुळे फोटो हलायचे. एकदा खिडकीत त्यांनी मटकीच्या पुड्यावरच कॅमेरा टेकवला.

"अहो, ती मटकी भिजत घालायचीय मला," त्यांची बायको सुचेता म्हणाली.

"थांब गं. बघ कसा गप्प बसलाय."

सुचेताने पुडा तिथेच राहू दिला. दुपारी तिने लेकीच्या, स्वातीच्या, जुन्या जीन्सचा एक पाय कापला. संध्याकाळी माझा जन्म झाला. वजन पडलं की माझे दाणे सरकतात, कॅमेऱ्यापुरती जागा करतात आणि मग हलत नाहीत. दुकानात असलं काही मिळत असेल, पण माझ्यासारखं नाही. हे मी गर्वाने सांगते.

माझा मोठा दिवस एका पावसाळ्यात आला. जवळच्या मोरवा गावाच्या पलीकडे काळ्या ढगातून हत्तीच्या सोंडेसारखा फिरता झोत, जलस्तंभ म्हणतात तो, समुद्रापर्यंत उतरला. वाऱ्याने तीन पायांचा स्टँड आडवा झाला, त्याचा एक पाय मोडला. मी मात्र कठड्यावर बसून राहिले. सुचेताने कॅमेऱ्यावर छत्री धरली. कॅमेरा कोरडा राहिला, आम्ही तिघं चिंब भिजलो.

तो फोटो मासेवाल्या विमलाबाईंनी पाटी खाली ठेवून बघितला. त्या मोरव्याच्या.

"माजा सासरा सांगायचा ही सोंड," त्या म्हणाल्या. "आमी म्हनायचो, म्हातारा फेकतोय. खरंच हाय की हो!"

मला बाल्कनीत वाळत घातलं होतं. पण ओल आतपर्यंत गेलेली. तिसऱ्या दिवशी माझ्या शिवणीतून पांढरे मोड बाहेर डोकावले! सुचेता हसता हसता खाली बसली. तिने मला उसवलं, उसळ केली, नवी मटकी भरली आणि पुन्हा शिवलं.

"बरं झालं," ती म्हणाली. "फोटो फसला तर उसळ तरी पदरात पडेल."

मित्रांनो, तिने मला भरलं ते शेवटचं. पुढच्या वर्षी सुचेता आजारी पडली आणि गेली.

पंढरीनाथांनी मला कपाटात ठेवलं. आभाळाकडे बघणंही सोडलं. बंद कपाटात माझ्या मटकीला कीड लागली. स्वाती माहेरी आली की म्हणायची, "बाबा, भुगा गळतोय हिच्यातून. मटकी बदलू या."

"हात लावू नकोस. तुझ्या आईने भरलीय ती."

ते मला जपत होते, आणि मी आतून पोखरली जात होते. मला बोलता आलं असतं तर ओरडले असते.

मग गेल्या हिवाळ्यात एका सकाळी स्वाती खिडकीतून ओरडली, "बाबा, धनुष्य! पांढरं!"

खरंच होतं. मिठागरांवर धुकं होतं, मागून ऊन येत होतं आणि समोर पांढरी कमान उभी होती. धुक्याचे थेंब इतके बारीक असतात की त्यांत रंग नीट उमटत नाहीत. पंढरीनाथांनी आयुष्यभर तिची वाट बघितली होती. त्यांनी कॅमेरा घेतला, मला घेतलं, गच्ची गाठली. मला कठड्यावर ठेवून कॅमेरा टेकवला, आणि मी मटकन खाली बसले! पोटात भुगाच होता. कॅमेरा कलंडला, त्यांनी कसाबसा धरला.

स्वाती धावत खाली गेली. मटकीचा डबा आणि कात्री घेऊन आली.

"कापा."

"तिने भरलीय गं."

"मटकी वाण्याकडची होती, बाबा. आईची शिवण आहे. ती पण कीड खाईल, मग काय जपाल?"

कमान एका बाजूने विरायला लागली होती. पंढरीनाथांनी कात्री घेतली. एकच टोक उसवलं, अगदी हळू. जुनं एका कागदावर ओतलं, नवं भरलं, आणि टोक रुमालाने करकचून बांधलं. कॅमेरा टेकला. माझे दाणे सरकले, जागा झाली, आणि मी श्वास रोखला.

तो फोटो आता त्यांच्या दारासमोर लागलाय. किंचितही हललेला नाही.

त्या दिवशी ते बराच वेळ जुने दाणे निवडत बसले. न किडलेले निघाले मूठभर. ते भिजत घातले, तर त्यांनाही मोड आले!

"मीठ जास्त झालंय, बाबा," स्वाती उसळ खाताना म्हणाली.

"तुझी आईही हेच म्हणाली असती," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा वाढून घेतली.

नंतर त्यांनी रुमाल सोडून ते टोक स्वतःच शिवलं. आता माझ्या एका टोकाला सुचेताची बारीक शिवण आहे, दुसऱ्या टोकाला पंढरीनाथांची वाकडीतिकडी. मी दोघांच्या हातची आहे, आणि माझा थाट कुठल्याही महागड्या स्टँडला यायचा नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. आपल्या माणसाने केलेली वस्तू कपाटात कोंडू नका. तिला ऊन दाखवा, उसवली तर शिवा, आणि कामाला लावा. तिला बनवणाऱ्यानेही ती कामासाठीच बनवलेली असते.