कमरेतला पांढरा डाग

"बाळंतपण झालंय का कधी?" एमआरआयच्या पडद्यावरून नजर न काढता डॉक्टर तृप्तींनी विचारलं.

भावनानं नवऱ्याकडं पाहिलं. जुन्या जालन्यात ऑटोतून उतरताना सूरजनं शब्द दिला होता, "आई काय बी म्हणू दे, डॉक्टरला मी बराबर सांगतो."

पण सासूच आधी बोलली. "न्हाई वो. कूस उजवायचीय अजून. त्याच्या आधीच कंबर धरून बसली, म्हातारीवानी!"

"नाही ना?" डॉक्टरांनी सूरजला विचारलं.

"न्हाई," सूरज फरशीकडं बघत म्हणाला.

बारशाआधी गेलेलं लेकरू त्या घरात मोजत नसत. त्याचं नाव काढलं की पुढचं येत नाही, म्हणत. पहिलं बाळंतपण माहेरी, हसनाबादला झालं. उन्हाळ्यात लेक आली आणि पाचवी पुजायच्या आत गेली. बांधावरच्या लिंबाखाली तिच्यावर माती लोटली ती सूरजनंच.

डॉक्टरांनी पडदा वळवला. पाठीचा कणा कमरेच्या हाडांना जिथं जुळतो, तिथं दोन्ही बाजूंना काळ्या रानात कापूस फुटावा तसं पांढरं दिसत होतं.

"ही हाडातली सूज. संधिवाताच्या एका प्रकारात अशी येते. त्याची औषधं वर्षानुवर्षं घ्यावी लागतात. तसंच लिहिते मी."

भावना बघत राहिली. लेक याच वाटेनं आली होती. मनात ओवी जुळली,

पाहुणी गं माझी लेक, नाही लागला पाळणा
कमरंच्या हाडामंदी तिच्या पावलाच्या खुणा

"मॅडम, लिहू नका," ती म्हणाली. "मला उन्हाळ्यात लेक झाली."

"गप!" सासूनं तिचा दंड धरला. "पुढचं बी घालवती का?"

डॉक्टरांचा हात थांबला. "अहो, हे आधी सांगायचं! बाळंतपणानंतर कित्येक महिने असं दिसू शकतं. बहुतेकींचं आपोआप ओसरतं. रक्त तपासू, काही महिन्यांनी परत फोटो काढू. आत्ताच रोग म्हणायला नको." मग हळूच विचारलं, "बाळ कुठंय?"

"यांना विचारा. यांनीच निजवलंय."

सूरज उठून दाराकडं गेला.

बाहेर आल्यावर त्यानं ऑटो थांबवला आणि हात पुढं केला. "सांगणारच व्हतो गं मी. आईसमोर जीभ उचलली न्हाई."

"तुमी आईला घेऊन घरी आष्टीला जावा. मी हसनाबादला चालले."

"मंग येशील कधी?"

"लिंबाखालच्या लेकीचं बारसं झाल्यावर बघू."

कमरेवर हात ठेवून ती एकटीच बस स्टँडकडं निघाली.